बोर्डावर कोण बसलंय?

अमेरिकेत येऊन राहिलेल्या माणसाला जी वाक्ये कोणी न शिकवता पाठ होतात, त्यांत "आमचे पर्याय नुकतेच बदलले आहेत, कृपया पूर्ण ऐकून घ्या" या वाक्याचा नंबर फार वरचा आहे. बँक असो, विमा कंपनी असो की मुलांच्या दातांचा डॉक्टर असो. आधी हा मंत्र, मग एक दाबा, दोन दाबा, आणि मग संगीत. संगीत संपेपर्यंत आपण फोन कशासाठी केला होता तेच विसरायला होते. आपली पिढी निदान बटणे दाबत बसते. सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील मात्र त्या रेकॉर्ड केलेल्या बाईला दोन-तीनदा "हॅलो, हॅलो" म्हणतात, ती आपलंच पुढे बोलत राहते म्हणून रागावतात, आणि फोन ठेवून देतात.

या लेखाचा विषय फोन करणाऱ्यांचा नाही, फोन घेणाऱ्यांचा आहे. आपल्यापैकी पुष्कळ जण आता छोट्या-मोठ्या ऑफिसांचे मालक झाले आहेत. कुणाचा दवाखाना आहे, कुणाचे टॅक्सचे ऑफिस, कुणाचे मोटेल, कुणाचे डे-केअर. जे नोकरी करतात त्यांनाही मंडळाच्या किंवा मंदिराच्या कमिटीवर कधी ना कधी जावेच लागते. तिथे फोनची यंत्रणा बदलायची वेळ आली की "तुम्ही इंजिनिअर ना, जरा बघा की" असे म्हणून आमच्यासारख्याला पकडून नेतात. आम्ही इथे मास्टर्स केले ते कम्युनिकेशनमध्येच. वर्गात गणित भरपूर शिकवले, पण रिसेप्शनच्या टेबलावरच्या फोनचा लाल दिवा केव्हा लागावा आणि केव्हा विझावा, हे कोणी शिकवले नाही. ते पुढे टेबलाखाली बसून, वायरी मोजत शिकलो. त्यातले चार जणांच्या उपयोगी पडेल ते सांगावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

बोर्डावरच्या माणसाची सत्ता

ऑफिसमधल्या फोनचे मुख्य ठाणे म्हणजे कन्सोल. भारतातल्या ऑफिसांत त्याला सरळ 'बोर्ड' म्हणत. "बोर्डावरून लाइन मागा", "आज बोर्डावर कोण आहे?" ही वाक्ये ज्यांचे वडील सरकारी कचेरीत किंवा बँकेत होते, त्यांनी नक्की ऐकली असतील. बोर्डावरच्या बाईंशी सगळे अदबीने बोलत. कारण साधे होते. साहेबांकडे कोणाचा फोन जाणार आणि कोणाला "साहेब मीटिंगमध्ये आहेत" ऐकावे लागणार, ते त्या बाई ठरवत.

ही सत्ता टेलिफोनइतकीच जुनी आहे. टेलिफोनचे पेटंट मार्च १८७६ चे. दोन वर्षांच्या आत, २८ जानेवारी १८७८ रोजी, कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन इथे पहिले व्यापारी एक्स्चेंज सुरू झाले. ग्राहक होते २१. सुरुवातीला बोर्डावर तारखात्यातून आलेली पोरे बसवत. ती गिऱ्हाइकांशी उद्धटपणे बोलत, म्हणून त्याच वर्षी १ सप्टेंबरला बोस्टनमध्ये एमा नट या बाईंची नेमणूक झाली. पहिल्या स्त्री ऑपरेटर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथली एक्स्चेंज उघडली ती जानेवारी १८८२ मध्ये.

मग एक गंमत झाली. कॅन्सस सिटीमध्ये आल्मन स्ट्रोजर नावाचे एक गृहस्थ होते. त्यांचा धंदा अंत्यसंस्काराची व्यवस्था करण्याचा. आख्यायिका अशी की, गावातल्या दुसऱ्या अंत्यसंस्कारवाल्याची बायको एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती आणि स्ट्रोजरना आलेले फोन ती नवऱ्याकडे वळवायची. माणूस गेल्याचा फोन एकदाच येतो. तो चुकला की धंदा गेला! चिडलेल्या स्ट्रोजरांनी ऑपरेटरच नको असे यंत्र तयार केले. १८९१ साली त्याचे पेटंट मिळाले, आणि ३ नोव्हेंबर १८९२ ला इंडियानातल्या ला पोर्ट गावात त्या पद्धतीचे पहिले एक्स्चेंज चालू झाले. पुढची कित्येक दशके जगभरातली एक्स्चेंज याच तत्त्वावर खडखडत चालली.

आख्यायिका खरी असो वा नसो, मुद्दा पक्का आहे. फोन कोणाकडे जाणार हे कोणीतरी ठरवत असते. पूर्वी ते बोर्डावरच्या बाई ठरवत. आता यंत्रणेचे सेटिंग करणारा माणूस ठरवतो, आणि तेही फोन येण्याच्या कितीतरी आधी, एखाद्या रविवारी दुपारी कॉम्प्युटरसमोर बसून. फरक इतकाच की, फोन करणाऱ्याला तो माणूस कधी दिसत नाही.

एका दवाखान्याची यंत्रणा

न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरबाईंचा दवाखाना आहे. डॉक्टर तिघे, नर्सेस चार, आणि रिसेप्शनवर वीस वर्षांहून जास्त काळ बसणाऱ्या एक अमेरिकन बाई. फोनची जुनी पेटी मागच्या खोलीत भिंतीवर होती. ती बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती, सुटे भाग जुन्या बाजारातून आणावे लागत. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या लाइनींचे बिल दरवर्षी वाढत होते. एका विक्रेत्याने नवी यंत्रणा सुचवली. त्याचे म्हणणे असे की कन्सोलची गरजच नाही. सगळे फोन यंत्र घेईल, बटणे दाबून लोक आपापले जातील, आणि रिसेप्शनचा एक पगार वाचेल.

डॉक्टरबाईंचा आम्हाला फोन आला. "अहो, तुम्ही एकदा येऊन बघाल का? मला यातलं काही कळत नाही. आणि त्या बाई दोन दिवस माझ्याशी धड बोललेल्या नाहीत."

अशा कामात पहिले पाऊल कॅटलॉग चाळण्याचे नसते. आधी येणारे फोन कसले आहेत ते बघायचे. रुग्णाचे नाव-गाव काही टिपायचे नाही या अटीवर आम्ही दोन दिवस रिसेप्शनच्या बाजूला स्टूल टाकून बसलो आणि फक्त फोनचे प्रकार वहीत लिहिले. अपॉइंटमेंट हवी असलेले, औषध संपलेले, रिपोर्ट आला का विचारणारे, फार्मसीवाले, लॅबवाले, विमा कंपन्या, दुसऱ्या डॉक्टरांची ऑफिसे, आणि काही न सांगता नुसते "हॅलो" म्हणणारे.

दुसऱ्या दिवशी सकाळी असाच एक "हॅलो" आला. पलीकडे फक्त धाप. बाईंनी नाव विचारले नाही. त्यांनी स्वतःच नाव घेतले आणि विचारले, "तुम्ही घरी एकट्याच आहात का?" मग चुटकी वाजवून शेजारच्या नर्सला बोलावले, कन्सोलवरून तो कॉल तिच्याकडे दिला, "हिला बोलतं ठेव" म्हणाल्या, आणि दुसऱ्या लाइनवरून ९११ लावून कॉम्प्युटरवर दिसणारा पत्ता सांगितला. हे सगळे मिनिटभरात झाले. अँब्युलन्स वेळेवर पोचली. संध्याकाळी त्या आजींच्या सुनेचा फोन आला, तोही याच बाईंनी घेतला.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. ९११ चा कॉल जातो तो फोन करणाऱ्याच्या जागेप्रमाणे. आजी त्याच गावातल्या होत्या, म्हणून दवाखान्यातून लावलेला कॉल बरोबर केंद्रात गेला. रुग्ण दुसऱ्या काउंटीत असेल तर वेळ वाया जातो. म्हणून आता त्या कन्सोलशेजारी आसपासच्या गावांच्या पोलीस केंद्रांचे दहा आकडी नंबर चिकटवलेले आहेत. दवाखाना चालवणाऱ्या वाचकांनी हे जरूर करावे. खर्च एका कागदाचा.

डॉक्टरबाईंना आम्ही वही दाखवली. पगाराचा हिशेब त्यांचा त्यांनी करायचा होता. पण वहीवरून एक गोष्ट उघड दिसत होती. फोनचा मोठा भाग फार्मसी, लॅब आणि विमा कंपन्यांचा होता, आणि त्यांना यंत्राशी बोलायला काहीच अडचण नव्हती. अडचण होती ती रुग्णांची. तेव्हा उपाय असा निघाला: जुना नंबर, जो म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ आहे, तो सरळ कन्सोलवर वाजेल. चार रिंगांत बाईंनी उचलला नाही तर नर्सेसच्या टेबलावरही वाजेल. कामाच्या वेळेत तो यंत्राकडे जाणारच नाही. आणि धंदेवाल्या लोकांना एक नवा नंबर द्यायचा. तिथे खुशाल एक दाबा, दोन दाबा. बाईंवरचा भार हलका झाला, आणि त्या पुन्हा डॉक्टरबाईंशी बोलू लागल्या.

कन्सोलची बटणे

कन्सोल म्हणजे रिसेप्शनवरचा मोठा फोन. त्याच्या बाजूला बटणांची पट्टी असते, एकेका एक्स्टेन्शनला एकेक बटण, आणि प्रत्येक बटणाला दिवा. बहुतेक ठिकाणी लाल म्हणजे माणूस बोलतोय आणि लुकलुकणारा म्हणजे घंटी वाजतेय. हल्ली हीच पट्टी कॉम्प्युटरच्या पडद्यावरही मिळते. ती लावताना एकच नियम पाळावा: बटणांचा क्रम यंत्राच्या सोयीने, म्हणजे नंबरवारीने लावू नये. बसणाऱ्याला विचारून लावावा. ज्याला सर्वात जास्त फोन जातात त्याचे बटण अंगठ्याखाली.

पुढची चार सेटिंग नीट केली की निम्मे काम झाले.

पहिले होल्ड. होल्डवर ठेवलेला माणूस विसरला जातो, हा निसर्गनियम आहे. म्हणून ठराविक वेळानंतर तो कॉल आपोआप कन्सोलवर परत वाजावा अशी सोय असते. कारखान्यातून येताना ती वेळ बहुधा लांब ठेवलेली असते. आम्ही ती मिनिटावर आणतो. वाट बघणाऱ्याला एक मिनिट पुष्कळ वाटते.

दुसरे ट्रान्सफर. ट्रान्सफर दोन प्रकारचा. एकात कॉल नुसता ढकलून द्यायचा, दुसऱ्यात आधी आतल्या माणसाला "अमक्यांचा फोन आहे, देऊ का?" असे विचारून मग जोडायचा. ढकललेला कॉल उचलला गेला नाही तर कुठे जाणार, हे ठरवून ठेवावे. तो परत कन्सोलवर आला पाहिजे. रिकाम्या खोलीतल्या व्हॉइसमेलमध्ये पडता कामा नये.

तिसरे पार्क. डॉक्टर कुठल्या खोलीत आहेत ते माहीत नाही, तेव्हा कॉल एका ठराविक नंबरवर 'उभा' करून ठेवायचा आणि ओरडून सांगायचे, "७१ वर फोन आहे." ते ज्या खोलीत असतील तिथून ७१ लावून घेतील. गाडी पार्क करून किल्ली दुसऱ्याला द्यावी तसे.

चौथे रात्रीची आणि सुट्टीची व्यवस्था. संध्याकाळी ऑफिस बंद झाले की फोन वेगळ्या वाटेने जातात. ही वाट घड्याळावर चालते, म्हणून यंत्रणेचे घड्याळ आणि टाइम झोन बरोबर आहे ना ते बघावे, विशेषतः मार्च आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळे पुढे-मागे होतात त्या आठवड्यात. सुट्ट्यांची यादी दर डिसेंबरात नवी भरावी. थँक्सगिव्हिंगची तारीख दरवर्षी बदलते, हे यंत्राला आपोआप कळेलच असे नाही. आणि कन्सोलवर हाताने दाबायचे 'नाईट'चे एक बटण हवेच. बर्फ पडून ऑफिस दुपारी बंद झाले तर घड्याळाला ते कुठून कळणार?

तीन देसाई आणि एक वाळिंबे

यंत्राच्या आवाजाला आमचा सरसकट विरोध नाही. पण पर्याय तीन-चारच्या वर नसावेत, आणि शून्य दाबले की माणूस मिळतो हे सुरुवातीलाच सांगावे, शेवटी नाही. आवाज शक्यतो रिसेप्शनवरच्या व्यक्तीचाच रेकॉर्ड करावा. ओळखीचा आवाज ऐकला की लोक घाबरत नाहीत.

एक सोय मात्र आपल्या लोकांनी जपून वापरावी. "ज्यांच्याशी बोलायचे त्यांच्या आडनावाची पहिली तीन अक्षरे दाबा." ही सोय स्मिथ आणि जॉन्सन यांच्यासाठी केलेली आहे. आपल्या ऑफिसात देशपांडे, देशमुख आणि देसाई असतील तर तिघांचीही सुरुवात डी-ई-एस, म्हणजे ३-३-७. गाडगीळ, गद्रे आणि गडकरी, सगळे जी-ए-डी, म्हणजे ४-२-३. आणि वाळिंबे स्वतःचे नाव डब्ल्यूने लिहितात की व्हीने, हे त्यांच्या घरच्यांखेरीज कोणाला ठाऊक? डब्ल्यू नऊवर आहे, व्ही आठवर. आम्ही अशा ठिकाणी ही सोय बंदच ठेवतो, किंवा कन्सोलच्या यादीत एकाच माणसाची दोन्ही स्पेलिंगे आणि घरगुती नावही भरतो. आजोबा फोन करतात तेव्हा त्यांना "आमचे बंडू" हवे असतात.

नऊ, एक, एक

आता लेखातला सर्वात महत्त्वाचा भाग. बाकीचे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

जुन्या ऑफिसांत आणि हॉटेलांत बाहेर फोन लावायचा तर आधी ९ दाबावा लागे. १ डिसेंबर २०१३ रोजी टेक्सासमधल्या मार्शल गावी, एका हॉटेलच्या खोलीत कॅरी हंट या बाईंवर त्यांच्यापासून वेगळ्या झालेल्या नवऱ्याने हल्ला केला. नऊ वर्षांची मुलगी तिथेच होती. तिला शाळेत, घरी जे शिकवले होते ते तिने केले. खोलीतल्या फोनवरून ९११ लावले. एकदा नाही, चार वेळा. फोन लागलाच नाही, कारण आधी आणखी एक ९ दाबायला हवा होता, आणि ते त्या पोरीला कोणी सांगितले नव्हते. कॅरी हंट वाचल्या नाहीत.

त्यांच्या वडिलांनी पुढे जी मोहीम चालवली, तिच्यातून 'कॅरीज लॉ' हा कायदा झाला. त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही झाली ती १६ फेब्रुवारी २०१८ ला. योगायोग असा की, बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, अलाबामातल्या हेलीव्हिल गावातून देशातला पहिला ९११ कॉल लावला गेला होता. १६ फेब्रुवारी २०२० नंतर बसवलेल्या किंवा विकलेल्या, एकाहून जास्त लाइनींच्या यंत्रणांना हा कायदा लागू आहे. त्यात मुख्य गोष्टी दोन. कुठल्याही फोनवरून आधी दुसरा आकडा न दाबता ९११ लागले पाहिजे. आणि ते लागताक्षणी इमारतीतल्या एखाद्या ठरलेल्या जागी, म्हणजे बहुधा कन्सोलवर, सूचना आली पाहिजे, म्हणजे कोणीतरी दार उघडून अँब्युलन्सला वाट दाखवील.

दुसरा कायदा जागेबद्दलचा आहे. नुसता इमारतीचा पत्ता पुरत नाही. मजला, खोली असे नेमके ठिकाण कॉलबरोबर गेले पाहिजे. जागेवर बसवलेल्या फोनना हा नियम ६ जानेवारी २०२१ पासून आणि हलवता येणाऱ्या फोनना ६ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. इंटरनेटवरच्या फोनमध्ये हे फार महत्त्वाचे आहे. जुनी तांब्याची तार भिंतीला खिळलेली असायची. आता ऑफिसचा फोन उचलून घरी नेला आणि इंटरनेटला जोडला, तरी तो तसाच चालतो. पण पत्ता बदलून घेतला नसेल तर घरून केलेल्या ९११ ला अँब्युलन्स ऑफिसला जाईल.

जुनी यंत्रणा या तारखांच्या आधीची आहे म्हणून कायद्यातून सुटेलही कदाचित. पण फोनसमोर उभ्या असलेल्या पोराला त्याचा काय उपयोग?

करायचे काय ते थोडक्यात सांगतो. एक, नव्या यंत्रणेत बाहेरच्या लाइनसाठी ९ ठेवूच नये. हल्लीच्या यंत्रणांना त्याची गरज नसते. दोन, कुठलेही एक्स्टेन्शन ९ ने सुरू करू नये. २ किंवा ३ ने सुरू करावे. तीन, जुन्या लोकांच्या बोटांना ९ ची सवय असते, म्हणून ९११ आणि ९९११ दोन्ही लागतील असे करावे. चार, ९८८ आणि ७११ हेही सरळ लागले पाहिजेत. ९८८ हा मनाने खचलेल्यांसाठी मदतीचा नंबर जुलै २०२२ पासून देशभर चालू आहे, आणि ७११ कर्णबधिरांच्या सोयीचा आहे. जुन्या यंत्रणांना हे तीन आकडे ओळखायला शिकवावे लागते.

बाहेरच्या लाइनसाठी ९ ठेवण्यात उलटा घोटाळाही आहे. लाइनसाठी ९, लांबच्या कॉलसाठी १, आणि बोट चुकून दुसऱ्यांदा १ वर पडले की ९११ लागलेच. भारतात फोन करणाऱ्यांची आणखी गंमत. आपल्या देशाचा कोड ९१, आणि दिल्लीचा ११. घाईत सुरुवातीचे ०११ राहिले की ९-१-१-१, आणि पोलीस दारात हजर! मुंबईचा २२ आणि पुण्याचा २०, म्हणून मराठी माणूस या संकटातून वाचला. चुकून लागलेच तर घाबरून ठेवू नये. थांबून "चुकून लागला, सगळं ठीक आहे" असे सांगावे. नाहीतर ते परत फोन करतात किंवा माणूस पाठवतात.

आणि तपासून बघावे. बऱ्याच इंटरनेट-फोन कंपन्यांनी ९३३ हा चाचणीचा नंबर ठेवलेला असतो. तो लावला की आपल्या नावावर कुठला पत्ता नोंदला आहे ते ऐकू येते. खरे ९११ लावून बघायचे असेल तर स्थानिक केंद्राच्या साध्या नंबरवर आधी विचारून, त्यांनी दिलेल्या वेळीच लावावे.

रोजची राखण

यंत्रणा बसवणे एकदाच होते, सांभाळणे कायमचे. त्यातल्या ठळक गोष्टी अशा.

जुनी लाइन बंद करण्याची घाई करू नये. नंबर नव्या कंपनीकडे पूर्ण वळला, आठवडाभर नीट वाजला, की मगच जुने खाते बंद करावे. आधी बंद केले तर वर्षानुवर्षांचा नंबर हातचा जाऊ शकतो. शिवाय त्या जुन्या तारांवर आणखी काय काय लटकले आहे ते शोधावे. फॅक्स, चोरांचा अलार्म, आगीचा अलार्म, लिफ्टमधला फोन. यांची आठवण सहसा ते बंद पडल्यावरच होते.

वीज गेली तर काय, याचा विचार हवा. तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजमधूनच वीज यायची, म्हणून घरात अंधार असला तरी फोन चालायचा. नवे फोन ऑफिसच्या विजेवर चालतात. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने न्यू जर्सी-न्यू यॉर्ककडे कित्येकांची वीज दिवसेंदिवस गेली होती, ते इथल्या लोकांना आठवत असेल. राऊटर, स्विच आणि कन्सोल यांना बॅटरीचा आधार द्यावा, आणि वीज किंवा इंटरनेट गेले तर मुख्य नंबर एखाद्या मोबाइलवर वळेल अशी सोय फोन कंपनीकडेच करून ठेवावी.

चोर आता खिडकीतून येत नाहीत. व्हॉइसमेलचा पासवर्ड १२३४ किंवा एक्स्टेन्शनचाच नंबर असला की ते त्यातून आत शिरतात, आणि लाँग वीकेंडला ऑफिस बंद असताना तुमच्या लाइनवरून परदेशात महागडे कॉल लावतात. बिल बहुधा तुमच्याच गळ्यात येते. म्हणून कारखान्यातून आलेले पासवर्ड पहिल्या दिवशी बदलावेत, यंत्रणेचे सेटिंगचे पान इंटरनेटवर उघडे ठेवू नये, आणि परदेशचे कॉल सरसकट बंद करून हवे तेवढेच देश उघडावेत. आपल्याला भारत पुरतो. ८०९, ८७६, २८४ हे कोड दिसायला इथलेच वाटतात, पण ते अनुक्रमे डॉमिनिकन रिपब्लिक, जमैका आणि ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्सचे आहेत. त्यांनाही कुलूप घालावे.

आणि शेवटी वही. कुठले एक्स्टेन्शन कुठल्या खोलीत, कुठली वायर कुठे जाते, पासवर्ड कोणाकडे आहेत, सेटिंगची प्रत कुठे ठेवली आहे, हे सगळे कागदावर हवे. पुष्कळ ऑफिसांत हे एकाच माणसाच्या डोक्यात असते, आणि तो माणूस नेमका भारतभेटीला गेलेला असतो. कोणी नोकरी सोडली की त्याच दिवशी त्याचे एक्स्टेन्शन, व्हॉइसमेल आणि मोबाइलवरचे अॅप बंद करावे. नवा कोणी आला की त्याला पहिल्या दिवशी दोनच गोष्टी शिकवाव्यात: होल्ड कसा करायचा, आणि ९११ कसे लावायचे.

येत्या सोमवारी

वाचकहो, एवढे सगळे करायला सवड नसेल तर येत्या सोमवारी कामावर गेल्यावर निदान एक प्रश्न विचारा: "आपल्या फोनवरून ९११ सरळ लागतं का, आणि लागलं तर पत्ता कुठला दिसतो?" स्वतःचे ऑफिस असेल तर कंपनीला विचारा, नोकरी असेल तर आयटीवाल्यांना. हाच प्रश्न आपल्या मराठी शाळेचे वर्ग ज्या भाड्याच्या इमारतीत भरतात, तिथल्या व्यवस्थापकांनाही विचारण्यासारखा आहे. तिथे रविवारी मोठी माणसे मोजकी आणि मुले पुष्कळ असतात.

आई-वडील भारतातून आले की त्यांना थर्मोस्टॅट आणि मायक्रोवेव्ह शिकवण्याच्या आधी फोन शिकवा. त्यांच्या डोक्यात पोलीस म्हणजे १००, आग म्हणजे १०१, आणि हल्ली ११२ असते. ९११ हे मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून, खाली घरचा पत्ता इंग्रजी उच्चारासह देवनागरीत लिहून फ्रिजवर लावा. "इंग्लिश येत नसेल तरी 'मराठी' म्हणा, दुभाषी मागा, आणि फोन ठेवू नका," एवढे सांगून ठेवा. आणि मुलांनाही विचारा, आजी चक्कर येऊन पडली तर तू काय करशील? उत्तर ऐकल्यावर कुलूपबंद मोबाइलवरून ९११ कसे लावायचे तेही दाखवून द्या.

ऑफिसच्या फोनबद्दल कोणाला काही विचारायचे असेल तर संमेलनात जरूर गाठा. वह्या, वायरी आणि जुन्या कन्सोलचे दिवे हा आमचा आवडता विषय आहे. आमच्या घरच्या फोनवर यंत्र नाही. चार रिंगांत कोणी ना कोणी उचलतं. फक्त शनिवारी सकाळी दहाच्या आधी करू नका, कारण तेव्हा उचलणारी आमची सासू असते, आणि ती आधी तुमचं गाव, आडनाव आणि आजोळ विचारते.